बार्शी लाईटचे लोखंडी पूल : कुणाकडे काय माहिती आहे?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. कुर्डुवाडी ते बार्शी या जुन्या नॅरोगेज मार्गावर आमच्या शिवारात, सीनेला मिळणाऱ्या एका लहान नदीवर लोखंडी पूल उभा आहे. रूळ गेले, स्लीपर गेले, गर्डर (लोखंडी तुळया) आणि दगडी खांब तेवढे राहिलेत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आडबाजूचं लोखंड रातोरात कापून नेतात, आणि या पुलाचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सातवीच्या मुलांनी विचारलं, "सर, हा पूल कुणी बांधला?" गावात चौकशी केली तर सगळ्यांचं उत्तर एकच, इंग्रजांनी. इंग्रजांनी म्हणजे कुणी, कधी, कशासाठी, हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

लाईनीबद्दल माझ्याकडे आहे ते असं. बार्शी लाईट रेल्वे ही कंपनी १८९५ मध्ये लंडनला स्थापन झाली. तिचा करता-करविता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनियर. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही २१ मैलांची लाईन सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. १९०६ ला गाडी पंढरपूरकडे गेली, १९११ ला लातूरला पोचली, १९२७ ला मिरजेला. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली. २००८ च्या सुमारास आमच्याकडे ब्रॉडगेज आलं आणि काही ठिकाणी मार्ग सरकला, त्यात आमचा पूल बाजूला पडला.

दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. मुंबई-सोलापूर या मोठ्या लाईनीवर डिकसळला भीमेवरच्या पुलाला दगडी कमानी आणि इथं लोखंड, असं का? आणि पुलावर साल कोरलेलं नसेल तर लोखंडावरून त्याचं वय कसं काढायचं?

बार्शीपेठ

सर, फार चांगला विषय काढलात. आमच्या घरी चार पिढ्या कापसाचा आणि तेलबियांचा व्यापार, म्हणून "कशासाठी" याचं उत्तर देतो.

जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मोठी लाईन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शीला वळसा घालून गेली. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची पेठ. निजामाच्या मुलखातला कापूस, करडई, जवस सगळं घाट उतरून इथं यायचं. इथून पुढं मुंबईला पाठवायचं तर तीस-पस्तीस किलोमीटर बैलगाडीनं स्टेशन गाठायचं. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानातून भरली गाडी नेऊन बघा. चाक आखापर्यंत रुततं, ओढ्याला पाणी आलं की दोन्ही काठांवर गाड्यांची रांग, आणि उघड्यावर कापूस भिजला की त्याचा भाव गेलाच.

कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपीत लोको इन्स्पेक्टर म्हणून आला होता. बार्शी लाईनीचा विचार त्यानं १८८७ पासून चालवला होता, गाडी सुटायला दहा वर्षं गेली. पण सुटली तेव्हा पेठेचं गणितच बदललं. ओढ्या-नद्यांवर बारमाही पूल हाच त्या लाईनीचा खरा फायदा, असं मला वाटतं. रूळ सपाटीवर कुणीही टाकेल.

गर्डरकाका

सर, मी रेल्वेत पुलाच्या गँगमध्ये खलाशी म्हणून लागलो आणि मिस्त्री होऊन रिटायर झालो. नॅरोगेजचे पूल या हातांनी रंगवलेत, ग्रीस घातलंय, रिव्हेट ठोकलेत. म्हणून जरा लांब लिहितो.

बार्शी लाईटचा सगळा खेळ एका आकड्यावर उभा होता : ५ टन. एका धुरीवर, म्हणजे दोन चाकांच्या एका आसावर, ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. इंजिन असो, मालडबा असो, पॅसेंजर असो, सगळ्यांना तोच नियम. कॅलथ्रॉपनं हे आधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरती लाईन टाकून लोकांना करून दाखवलं होतं. आमचे जुने इन्स्पेक्टर नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायचे.

आता याचा पुलाशी संबंध काय? गाडीचं वजन जास्त चाकांवर सारखं वाटून दिलं की गर्डरच्या एका ठिकाणी मोठा भार येत नाही. मग गर्डर बारीक चालतो, खांब आटोपशीर चालतो, रूळसुद्धा हलका चालतो. दर यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, ३० पौंड वजनाचा रूळ होता इथं. सरांच्या पुलाचे गर्डर बघून कुणाला वाटेल की इंग्रजांनी काटकसर केली. तसं नाही. गाडी आधी ठरवली, मग तिच्या मापाचा पूल केला.

रिव्हेटचं सांगतो, कारण आता ते काम करणारं कुणी राहिलं नाही. चार माणसांची टोळी लागायची. एक भट्टीवर. तो रिव्हेट लाल-पिवळा तापवून चिमट्यानं फेकायचा. दुसरा डब्यात झेलून भोकात घालायचा. तिसरा मागून डॉली दाबून धरायचा, म्हणजे एक जड लोखंडी ठोकळा, रिव्हेटच्या डोक्याच्या आकाराची खोलगट वाटी असलेला. चौथा पुढून स्नॅप, म्हणजे तशाच वाटीचं हत्यार, लावून घणानं दुसरं डोकं बसवायचा. सगळं काही सेकंदांत, रिव्हेटचा रंग उतरायच्या आत. काळा पडला की ठोकून उपयोग नाही, काढून टाकायचा. बसल्यावर रिव्हेट थंड होतो तसा आखडतो आणि मधल्या पत्र्यांना आवळून धरतो. नटबोल्टाला पाना लागतो, इथं ती पकड थंड होण्यातून येते.

सैल रिव्हेट ओळखायची रीत अशी. एका बाजूला बोट अशा बेतानं ठेवायचं की अर्धं रिव्हेटच्या डोक्यावर, अर्धं पत्र्यावर. दुसऱ्या बाजूनं छोट्या हातोडीनं टिचकी मारायची. रिव्हेट घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही. सैल असेल तर डोकं पत्र्यापासून वेगळं हलल्याचं बोटाला लगेच लागतं. डोळ्याला दिसायच्या आधी कळतं. सैल रिव्हेटच्या भोवती तांबूस गंजाची रेघही उतरलेली असते, ती मुलांना जरूर दाखवा.

मोहोळचा

काका, वाचून भरून आलं. असंच लिहीत राहा.

डिकसळचा विषय निघाला म्हणून विचारतो. डिकसळचा पूल १८५५ चा असं सगळीकडं छापून येतं. तो दगडाचा, मग चाळीस वर्षांनी लोखंड का आलं? लोखंड स्वस्त झालं म्हणून?

ओळंबा

मी सोलापुरात सिव्हिलचं काम करतो. रेल्वेत नाही, पण पुलांचं वेड आहे.

आधी डिकसळचं साल. पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी १५ डिसेंबर १८५८ ला सुरू झाली, आणि डिकसळहून भीमा ओलांडून बार्शी रोडपर्यंत २३ ऑक्टोबर १८५९ ला. मोहोळ जानेवारी १८६० मध्ये, सोलापूर ६ जून १८६० ला. म्हणजे दहा महिने डिकसळ हेच शेवटचं स्टेशन होतं. बांधकामाचा मुहूर्त आधीचा असेल, पण त्या पुलावरून गाडी धावली ती १८५९ मध्ये. पुढे उजनी धरण झालं, लाईन सरकली आणि तो पूल रस्त्याकडे आला.

आता दगड की लोखंड. यात स्वस्त-महागापेक्षा वाहतुकीचा प्रश्न मोठा होता, असं माझं मत आहे. भोर घाटातली लाईन सुरू झाली १४ मे १८६३ ला. १८५९ मध्ये मुंबईची गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबायची आणि खंडाळ्यावरून दुसरी निघायची. मधला घाट प्रवासी पालखीतून, घोड्यावरून, पायी चढायचे. लांबलचक गर्डर विलायतेहून बोटीनं मुंबईला आणणं सोपं, पण ते बैलांच्या जोरावर घाट चढवायचे कसे? आणि इकडे भीमेच्या पात्रात काळा पाषाण पडलेला. पाथरवट होते, वडार समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची दगडातली कारागिरी होती, चुना होता. कमान बांधायला जे लागतं ते सगळं पूल बांधायच्या जागीच.

१८९७ ला उलटी परिस्थिती. मुंबई बंदरात उतरलेला गर्डर वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, चढवला की थेट बार्शी रोडच्या यार्डात. तिथून पुढे लाईन जशी टाकत जाल तशी तीच गाडी पुढच्या पुलाचं सामान घेऊन येते. शिवाय काकांनी सांगितलेला ५ टनांचा नियम, त्यामुळे गर्डर मुळातच हलके. मोठ्या लाईनीनं आधी घाट चढून वाट करून दिली म्हणून छोट्या लाईनीला लोखंड परवडलं.

इंजिनाचा हिशेबही बघा. कॅलथ्रॉपनं लीड्सच्या किटसन कंपनीकडून घेतलेली पहिली इंजिनं अशी होती की इंजिनाच्या जोरानं फिरणाऱ्या चार धुऱ्या आणि मागे दोन नुसत्या आधाराच्या. सहा धुऱ्या गुणिले ५ म्हणजे सगळं इंजिन ३० टनांच्या आत. आज मालगाडीच्या एका वाघिणीच्या एकेका धुरीवर वीस टनांच्या वर भार असतो. म्हणूनच ब्रॉडगेज आलं तेव्हा या गर्डरांवर नुसते रुंद रूळ टाकून भागलं नसतं. नवे पूल बांधावेच लागले.

पालवी

काका आणि ओळंबादादा, एक विचारू का? माझी आजी माढा तालुक्यातली. ती सांगायची, आषाढीला पंढरपूरच्या गाडीत मालडब्यातसुद्धा माणसं बसवायचे आणि टपावरही माणसं असायची. मग ५ टनांचा नियम तेव्हा मोडत नसे का? पुलावर गाडी आली की आजी विठ्ठलाचं नाव घ्यायची म्हणे.

गर्डरकाका

पालवीताई, छान विचारलंत. पुलाला त्याचा त्रास नव्हता. चार धुऱ्यांचा मालडबा म्हणजे भरून २० टनांपर्यंत चालणार. साठ किलोच्या हिशेबानं दीडशे माणसं कोंबली तरी ती भरतात नऊ टन. डब्याचं स्वतःचं वजन धरूनही २० च्या खूप खाली. कापसाच्या, धान्याच्या भरल्या वाघिणीपेक्षा वारकऱ्यांची गाडी पुलाला हलकीच. धोका होता तो टपावरच्या माणसांना. वाऱ्याचा, झोक जाण्याचा. आजीनं विठ्ठलाचं नाव घेतलं ते बरोबरच केलं.

मोडनिंब_फाटा

सर, लोखंडावर अक्षरं असतील तर तेवढा तुकडा गॅसकटरनं कापून शाळेत ठेवा. नाहीतरी भंगारात जाणारच आहे. निदान मुलांना बघायला मिळेल.

ओळंबा

नको, हे अजिबात करू नका. मन चांगलं आहे तुमचं, पण रूळ उचलले म्हणून गर्डर बेवारस होत नाही. ती रेल्वेची मालमत्ता, आणि तिच्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. शाळेच्या कपाटात कापलेला तुकडा सापडला तर सर अडचणीत येतील. आणि कापलेल्या तुकड्याला अर्थही उरत नाही. तो गर्डरच्या कुठल्या भागात होता, वर की खाली, टोकाला की मध्ये, हीच तर माहिती असते.

ठसा घ्या. पातळ कागद अक्षरांवर धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. रंग खरवडायचा नाही, जुन्या रंगाच्या तळाशी शिशाचा शेंदूर असतो आणि त्याची धूळ मुलांच्या पोटात जाणं वाईट. चालू लाईनीच्या पुलावर तर पाऊलही टाकायचं नाही, हे मुलांना बजावून सांगा.

सीनाकाठ

ओळंबा, सूचना पाळीन. मुलं खाली पात्रात उभी राहूनच बघतील, आत्ता पाणी नाही. अक्षरं मी एकटा जाऊन शोधतो.

वय काढायचं मात्र अजून राहिलं.

गर्डरकाका

वय सांगतो, पण सर, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. खांबाचं वय आणि गर्डरचं वय एकच असेल असं धरू नका. दगडी खांब तसेच ठेवून वरचे गर्डर बदलणं हे रेल्वेत नेहमीचं काम. एका पुलावरून काढलेला चांगला गर्डर दुसऱ्या पुलाला लावतात. तीस वर्षांत लाईन मिरजेपर्यंत वाढली, इंजिनं बदलली. तुमच्या खांबांचा जन्म १८९७ चा असेल आणि गर्डर त्यानंतरचा असेल, असं अगदी होऊ शकतं.

आता लोखंड वाचायचं कसं. गर्डरच्या टोकाशी ओतीव पाटी होती का बघा, तिच्यावर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल असतं. पाटी बहुतेक गेलेली असते, पण तिची भोकं राहतात. नंतर गर्डरच्या उभ्या पत्र्यावर, अँगलच्या, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीच्या, अंगावर उठावाची अक्षरं शोधा. गिरणीत लोखंड लाटताना रोलरमधूनच ती उमटतात. डॉर्मन लाँग हे नाव मी स्वतः कितीतरी ठिकाणी वाचलंय. मात्र ते नाव लोखंड लाटणाऱ्या गिरणीचं. गर्डर जोडणारा कारखाना वेगळा असू शकतो. टाटा दिसलं तर १९१२ नंतरचं, कारण जमशेदपूरला पोलाद त्या साली निघालं.

तिसरं म्हणजे गंज. जुनं घडीव लोखंड गंजलं की लाकडाच्या फळीसारखे उभे दोरे सुटतात. पोलाद तसं सुटत नाही, त्याचे पापुद्रे, खपल्या निघतात. इंग्लंडात पुलांना पोलाद वापरायची परवानगी १८७७ ला मिळाली, त्यामुळं १८९७ च्या सुमाराला दोन्हींपैकी काहीही निघू शकतं, पण पोलादाकडं माझा कल.

मोहोळचा

आणि पाण्याचं काय? सप्टेंबर २०२५ ला सीनेला पाणी आलं तेव्हा लांबोटीला हायवे बंद पडला. इतके मोठे नवे पूल असून ही गत. एवढ्याशा खांबांवरचा हा जुना पूल कसा टिकला?

ओळंबा

बऱ्याच अंशी पायामुळे. गंगेच्या खोऱ्यात वाळूत विहिरी खोल उतरवून पाया घ्यावा लागतो. आपल्याकडे पात्रात थोडं खाली गेलं की मुरूम आणि त्याखाली खडक. खांब खडकावर बसला असेल तर पाणी त्याच्या खालून माती उकरून नेऊ शकत नाही, आणि पूल पडतात ते बहुतेक वेळा असे बुडातून उकरले जाऊन.

दुसरी गोष्ट खांबाचा आकार. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, खांब टोकदार किंवा अर्धगोल केलेला दिसेल. पाणी फाटतं, वाहून आलेली झाडं अडकत नाहीत. सर, खांबावर रंगाने मारलेली पुराची आडवी रेघ आहे का बघा. सर्वांत मोठा पूर कुठवर आला त्याची खूण असते, कधी कधी शेजारी साल असतं. काठाच्या भिंतीवर पुलाचा नंबर आणि पाणी वाहण्याच्या दिशेचा बाणही असायचा. मिळाला तर नंबर जपून लिहून घ्या. रेल्वेकडे अर्ज करायचा झाला तर त्या नंबरावरच पुलाची कागदं सापडतील, गावाच्या नावावर नाही.

बार्शीपेठ

अर्जाचं मी बघतो. सोलापूरला मंडल कार्यालयात जाणं होतंच. सर, नंबर मिळाला की कळवा. ठसे, फोटो, नंबर हे सगळं एकत्र करून कुर्डुवाडी ते बार्शी अशा जेवढ्या पुलांचे अवशेष उरलेत त्यांची यादी करूया. प्रत्येक गावात एक माणूस मिळाला तरी होईल. आत्ता केली नाही तर पुढच्या लिलावानंतर करायला काही उरणार नाही.

पालवी

माढ्याच्या बाजूचं मी करते. मामा तिकडेच आहेत, त्यांना ओढे-नाले सगळे पाठ आहेत.

सीनाकाठ

आज सकाळी जाऊन आलो. टोकाला चार भोकं आहेत, पाटी नाही. एका अँगलवर उठावाची अक्षरं लागली, सुरुवातीचा भाग गंजानं खाल्लाय, शेवटचा "इंग्लंड" हा शब्द स्पष्ट आहे. ठसा घेतला. गंजाच्या खपल्या निघतात, दोरे दिसले नाहीत, म्हणजे काका म्हणाले तसं पोलाद असावं. पुराची रेघ एका खांबावर पुसट आहे, साल वाचता येत नाही. नंबर मिळाला, बार्शीपेठ, तो तुम्हाला वेगळा पाठवतो, इथं टाकत नाही.

मुलांनी खालून रिव्हेट मोजले, दोन गटांचे आकडे जुळेनात म्हणून पुन्हा मोजायला लागली. त्यांना आता कॅलथ्रॉप हे नाव पाठ झालंय. पुढं त्यानं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं हे सांगितल्यावर तर वर्गात गलकाच झाला.

काका, गर्डर खांबावर टेकतो त्या जागेचा फोटो टाकलाय. खाली जाड लोखंडी पाट आहे आणि त्यात बोल्ट आहेत. हे काय?

गर्डरकाका

ते बेअरिंग. आपल्या उन्हाळ्यात लोखंड वाढतं, थंडीत आखडतं, म्हणून गर्डरचं एक टोक पक्कं बांधतात आणि दुसरं सरकायला मोकळं सोडतात. दर तीन वर्षांनी आम्ही गर्डर जॅकवर उचलून तिथं ग्रीस घालायचो.

ओळंबा

आकडा देतो. १० मीटरचा गर्डर आणि हिवाळी पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत लोखंडाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर लांबी जवळपास ५ मिलिमीटर बदलते. दोन्ही टोकं आवळली तर तेवढ्या ताणानं खांबाचा वरचा दगड तडकतो.

सीनाकाठ

मग फोटोतलं टोक सरकतं की पक्कं?

गर्डरकाका

पक्कं. बोल्टाची भोकं गोल आहेत बघा. सरकत्या टोकाला ती लांबट असतात. पलीकडच्या खांबावरचा फोटो काढा, तिथं लांबट दिसली पाहिजेत. तिथंही गोलच असली तर मला लगेच सांगा. मग तो गर्डर दुसऱ्या पुलावरून आणून बसवलेला असू शकतो.

सीनाकाठ

शनिवारी अर्धी शाळा सुटली की जातो.